एवारिस्तोची जीभ आणि ओतिलियाचा कोळसा

षड्रिपूंच्या पंक्तीत मत्सराला शेवटचे पान वाढलेले आहे. काम, क्रोध, लोभ यांची लक्षणे सांगता सांगता शास्त्रकार बहुधा थकून गेले असावेत आणि या सहाव्याकडे त्यांनी धावती नजर टाकली असावी. वास्तविक इतर पाचांहून याची जात वेगळी. क्रोधाला डोळे नसतात. लोभाला असतात, पण ते वस्तूवर खिळलेले. मदाला आरशापलीकडचे दिसत नाही. मत्सर तेवढा दुसऱ्या माणसाकडे पाहतो, आणि तेही असे एकटक, की तितक्या एकाग्रतेने भक्तही देवाकडे पाहत नसेल. जुन्या पंडितांनी असूयेची व्याख्या केली आहे, की जिथे गुण आहेत तिथेही दोष चिकटवणे म्हणजे असूया. व्याख्या नेमकी आहे. परंतु असूया करणाऱ्याची जीभ खोटे बोलायला राजी असते, हे तिने गृहीत धरले आहे. पोटात मत्सर तुडुंब भरलेला आणि जिभेला मात्र खोट्याचे वावडे, अशा मनुष्याची गत काय होते, याविषयी पंडित मौन पाळतात. आमातितान गावच्या एवारिस्तो बार्रागानचे आयुष्य म्हणजे त्या मौनावरचे भाष्य होय.

एवारिस्तो टकिलाच्या एका जुन्या भट्टीत तळघराचा राखणदार होता. निळ्या घायपातीचे कंद भाजून, पिळून, रस आंबवून दोनदा गाळला, की जी दारू निघते ती पाण्यासारखी नितळ आणि तरण्या पोरासारखी उद्धट असते. तिला ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे निजवायचे, तिच्या अंगी रंग आणि शहाणपण आणायचे, हे एवारिस्तोचे काम. तिचा रंग आधी गवताचा होई, मग मधाचा, मग जुन्या चामड्याचा. कोणते पिंप भिंतीशी गार राहते, कोणते वैशाखात घाम गाळते, कोणते हट्टी, कोणते भोळे, हे तो पोटच्या पोरांसारखे जाणून होता. सर्वांत जुने पिंप कोपऱ्यात होते. त्यातली दारू इतकी गडद, की तिला सगळे ‘काळी’ म्हणत.

त्या घराण्याची एक रीत होती. तळघरातली कोणतीही दारू राखणदाराने चाखल्यावाचून बाहेर पडत नसे. चाखून त्याने पेला उपडा घातला तर दारू निघाली. उभा ठेवला तर राहिली. कारण विचारण्याचा हक्क सर्वांना होता, निकाल मोडण्याचा मालकालाही नव्हता. एवारिस्तोने पुष्कळ वेळा पेला उभा ठेवला होता, आणि दोष नसताना एकदाही ठेवला नव्हता. गावात पंचायत बसली आणि कुणी शपथ घेऊ लागला, तर म्हातारे म्हणत, “शपथ राहू दे, एवारिस्तोच्या पेल्यासारखं बोल.” त्याच्याजवळ दुसरी इस्टेट नव्हती.

ओतिलिया सांदोवाल त्याच्याच गल्लीतली. तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला एवारिस्तोने पोरीला हातांवर धरले होते, त्यामुळे तो तिचा कोम्पाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. हे नाते देवाच्या साक्षीने जडते. त्यात एकमेकांना अहो-जाहो करावे लागते, उघड भांडता येत नाही, आणि दारावरून जाताना कॉफी घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. मत्सराविषयी मात्र या नात्यात काही नियम नव्हता.

खोऱ्यापलीकडच्या साखर कारखान्यात, रसाचा रंग काढण्याच्या खात्यात ओतिलियाची उमेदीची वर्षे गेली. आईच्या दुखण्यापायी ती गावी परतली तेव्हा भट्टीमागे घायपातीच्या चोथ्याचे डोंगर कुजत पडले होते. पिळून उरलेला हा केसाळ चोथा कुणी विटांच्या मातीत कालवी, कुणी तसाच जाळी. ओतिलियाने तो गाड्या भरभरून आपल्या परसात नेला आणि गल्लीला करमणूक झाली.

तिची रीत अशी. चोथा उन्हात खडखडीत वाळवायचा आणि कोयत्याने बारीक तोडायचा. पाण्यात फॉस्फरिक आम्ल ओतायचे, पाकासारखे दाट, आणि त्यात तो चोथा भिजत घालायचा. आम्ल मुरले की चोथा आग दिसण्याआधीच काळवंडू लागतो. मग तो पुन्हा वाळवून लोखंडी डब्यात ठासायचा, झाकण चिखलाने लिंपायचे, धूर निघायला एक नळी ठेवायची आणि बाहेरून जाळ लावायचा. आत हवा शिरली तर हाती राख. नाही शिरली तर कोळसा, पण चुलीतला नव्हे. आम्ल त्याच्या अंगोपांगी घर करून बसलेले असते. ते धुऊन काढले, की जिथे जिथे त्याचे बिऱ्हाड होते तिथे तिथे पोकळी उरते. चिमूटभर भुकटीत पोकळ्यांचे अख्खे शहर. रंगाचे कण त्या शहरात शिरतात आणि पुन्हा बाहेर पडत नाहीत. कारखान्यात असल्याच कोळशाने साखर गोरी होई.

भट्टीचा मालक लादिस्लाओ राजधानीतल्या गिऱ्हाइकांना भेटून आला आणि त्याने एक दिवस दोघांनाही तळघरात बोलावले. पिंपातली मधाळ दारू बरणीत ओतली. ओतिलियाने तीत कोळशाची भुकटी टाकली, लाकडी चमच्याने ढवळली, बरणी काही वेळ तशीच राहू दिली आणि मग ती कागदी गाळणीतून गाळली. खाली थेंब थेंब जे पडत होते त्याला रंग नव्हता.

“लोकांना वय हवंय, मास्तर,” लादिस्लाओ म्हणाला, “पण सुरकुत्या नकोत.”

“मग मलाही घाला त्या बरणीत,” एवारिस्तो म्हणाला.

सगळे हसले. ओतिलिया सर्वांत मोठ्याने हसली आणि ते त्याला लागले. आपण हिवाळ्यामागून हिवाळे जागून एकेक छटा मिळवावी, आणि या बाईने ती चमच्याने ढवळून काढावी! मालक त्या नितळ थेंबांकडे पाहत होता. तशा नजरेने त्याने ‘काळी’कडे कधी पाहिले नव्हते. एवारिस्तोने पेला उचलला, घोट जिभेवर फिरवला आणि त्याला हायसे वाटले.

“आंबट आहे.” पेला त्याने उभा ठेवला.

“लिंबू चाटून आलात की काय, कोम्पाद्रे?”

“लिंबू तुमच्या कोळशात आहे, कोमाद्रे.”

ओतिलिया घरी गेली. तिने अंबाडीच्या फुलांचे सरबत दोन पेल्यांत घेतले. एकात विहिरीचे पाणी घातले, दुसऱ्यात कोळशाच्या शेवटच्या धुण्याचे. दुसऱ्या पेल्यातला लाल रंग भडकला. आम्ल अजून आत होते. जीभ खरी ठरली. तेव्हापासून दोन्ही पेल्यांचा रंग सारखा दिसेपर्यंत ती कोळसा धूत राही, आणि गल्लीत ज्याला त्याला सांगे, “आमच्या कोम्पाद्रेंनी पकडलं हो! काय जीभ आहे!”

ही स्तुती एवारिस्तोला शिवीसारखी लागली. दोष आपण काढला, आणि शहाणी ती झाली!

त्यानंतर त्याची पावले रोज त्या परसाकडे वळू लागली. निमित्त कॉफीचे. कुंपणाशी उलट्या टोपलीवर बसून तो तिच्या हातांकडे पाही. आम्ल ओतताना ती श्वास कसा धरते, धूर पांढऱ्याचा निळसर झाला की जाळ कसा आवरते, डब्यावर बोटाने टिचकी मारून आतला आवाज कसा ऐकते, काही म्हणता काही त्याच्या नजरेतून सुटत नसे. त्याला चूक हवी होती.

“एवढं टक लावून माझ्याकडे माझा नवराही बघत नव्हता, देव त्याला शांती देवो,” ओतिलिया म्हणे.

“झाकणाच्या डाव्या अंगाला चीर गेलीय.”

“कुठे? … अगबाई, खरंच की!” ती धावत जाऊन चिखल लिंपी, आणि एवारिस्तो ओठ चावत बसे. का बोललो मी? जळू द्यायचे होते! पण दोष दिसला आणि तोंड मिटून घेतले, हे त्याला कधी साधलेच नाही.

घरी त्याची बायको सोकोरो तव्यावर तोर्तिया उलटताना ऐकवी, “तिच्या झाकणाची चीर दिसते. आपल्या छपराची तीन पावसाळे झाले तरी दिसत नाही. छपरावर ओतिलियाला बसवू का, म्हणजे दिसेल?”

“तू गप्प बस.”

“मी गप्पच आहे. पोटात तुमच्या दुखतंय, ओवा मी का खाऊ?”

दुसऱ्या खेपेचा कोळसा आला. आंबटपणा गेला होता. एवारिस्तोने घोट घेतला, बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला आणि मग अत्यंत प्रसन्न मुद्रेने म्हणाला, “पाणी आहे. चांगलं पाणी आहे. आंघोळीला चालेल.”

हेही खरे होते. रंगाबरोबर व्हॅनिलाची ती पुसट झुळूक, भाजल्या कंदाचा गोडवा, लाकडाची ऊब, सारे कोळशाने गिळले होते. पेला उभा राहिला. मालकाचा चेहरा पडला. ओतिलिया मात्र तिथल्या तिथे, तळघराच्या पायरीवर बसून विचारात बुडाली.

“पोकळ्या बारीक पडल्यात,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “चापालाच्या तळ्यात कोळी काय करतात? बारीक जाळं टाकलं की चिंगळ्यासुद्धा अडकतात. रंगाचा कण मोठा, वासाचा लहान. जाळं मोठं विणायला हवं. आम्ल वाढवायला हवं.” मग मान वर करून, “कोम्पाद्रे, तुम्ही नसता तर मी हे पाणीच विकलं असतं!”

त्या वाक्याने एवारिस्तोची दोन रात्रींची झोप उडाली. आपण ज्या ज्या दगडाने तिला मारावे, तो तो उचलून ती आपल्या घराच्या भिंतीत बसवते. विरोधानेही ईश्वर भेटतो म्हणतात. इथे विरोधाने कोळसा सुधारत होता, आणि त्याचे पुण्य भलत्याच्याच पदरी पडत होते.

घायपातीची तोडणी संपत आली तेव्हा तिसरी खेप तयार झाली. सबंध मोसमाचा चोथा, पोत्यांच्या पोती. पाऊस तोंडावर होता. पुढे चोथा वाळणार नव्हता. राजधानीतली गिऱ्हाइके गावच्या जत्रेला येणार होती. लादिस्लाओने आदल्या दिवशी सर्वांदेखत सांगितले, “मास्तर, हा पेला उपडा पडला, की ‘काळी’पण गाळायची. जत्रेत आपली एकच दारू. नितळ.”

‘काळी’ गाळायची. एवारिस्तो तळघरात एकटाच त्या पिंपाशी उभा राहिला आणि त्याच्या मनात असे काही आले, जे त्या जागेत कधी आले नव्हते. आजवर त्याने जिभेला विचारून पेला ठेवला होता. उद्या पेल्याला विचारून जीभ चालवली तर?

दुसऱ्या दिवशी मालक, ओतिलिया आणि हमाल भोवती उभे असताना त्याने घोट घेतला.

दोष नव्हता. रंग गेला होता, आणि त्याखेरीज काहीही गेले नव्हते. भाजला कंद होता. लाकूड होते. आणि आजवर रंगाआड दडलेला घायपातीच्या पातीचा हिरवा, पहाटेसारखा गंध मोकळा झाला होता. तो त्याच्या स्वतःच्याच पिंपातला होता, आणि इतक्या वर्षांत त्यालाही कधी इतका स्पष्ट भेटला नव्हता. हे त्याला असह्य झाले. आपलेच लेकरू परक्या बाईने न्हाऊमाखू घालून पुढे उभे करावे, आणि ते अधिक देखणे दिसावे, याहून मोठा अपमान त्याला सुचेना.

“कडू,” तो म्हणाला, आणि पेला उभा ठेवला.

ओतिलियाने फक्त विचारले, “फार?”

“फार.”

“सुधारण्यासारखं?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि झग्याला हात पुसत पायऱ्या चढून गेली. तिने स्वतः तो पेला चाखलासुद्धा नाही. एवारिस्तोचा पेला उभा राहिल्यावर चाखायचे ते काय?

दुपारी सवयीने त्याची पावले परसाकडे वळली. ओतिलिया तिथे नव्हती. ती मागच्या घायपातीच्या ओळींत होती. गाडीवर पोती रचलेली होती. एकेक पोते ती ओढून उतरवी, तोंड सोडी आणि काळी भुकटी झाडांच्या बुंध्याशी ओती. कोळसा बिघडला तर निदान जमिनीला तरी उपयोगी पडावा, असा तिचा हिशेब असणार. ती रडत नव्हती, कुणाला दोषही देत नव्हती. कामाला लागली होती.

एवारिस्तो बांधावर उभा राहून पाहू लागला. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. उलट एक नवाच मत्सर त्याच्या मनात उभा राहिला, आधीच्या सगळ्यांहून तीक्ष्ण. हिच्यापाशी एवढा विश्वास आला कुठून? त्याने आयुष्यभर पिंपांवर विश्वास टाकला होता, आणि माणसांत मात्र कुणाच्याही शब्दाखातर मूठभर मातीदेखील फेकली नव्हती. आणि ही बाई त्याच्या एका शब्दाखातर मोसमाची मेहनत मातीत ओतत होती. तो शब्द खोटा होता. जगात त्याच्या जिभेची खरी किंमत एकाच माणसाने ओळखली होती, आणि त्याच माणसापुढे ती जीभ आज बाटली.

तिने आणखी एका पोत्याचे तोंड सोडले.

“थांबा, कोमाद्रे!”

“काय झालं? इथेही चीर दिसली का कुठे?”

“कडू नव्हतं.”

ओतिलियाने पोते खाली ठेवले. “काय नव्हतं?”

“कडू. कोळसा कडू नव्हता.”

“मग काय होता?”

“चांगला होता.”

“कितपत?”

“आता ते वजनात सांगू का? चांगला होता म्हटलं ना!”

ओतिलियाने फावडे उचलले. क्षणभर एवारिस्तोला वाटले, आता हे डोक्यात बसणार, आणि बसले तर योग्यच होईल. तिने ते त्याच्या पायांशी फेकले.

“उचला. वरवरचा उचला, माती नको यायला. देवासमोर माझी पोर हातात धरलीत म्हणून मी शिवी देत नाहीये, कोम्पाद्रे. एरवी माझ्या तोंडी पुष्कळ आहेत, कारखान्यात शिकलेल्या.”

“द्या की.”

“नाही देणार. तीच तुमची शिक्षा.”

दोघांनी मिळून वाचला तेवढा कोळसा भरला. निम्म्याहून अधिक जमिनीने घेतला होता. मग कपडे न बदलता, कोपरापर्यंत काळ्या हातांनी, एवारिस्तो भट्टीच्या चौकात गेला. हमाल बसले होते, मालक उभा होता. त्याने डोक्यावरची हॅट काढली.

“सकाळी मी खोटं बोललो. दारूत दोष नव्हता. दोष माझ्यात होता.”

हमालांनी माना खाली घातल्या. त्यांपैकी एकाने, ज्याचा बापही याच चौकात राबला होता, छातीवर क्रूस काढला.

लादिस्लाओ म्हणाला, “मास्तर, तुम्हाला घरी पाठवलं तर तळघर आंधळं होईल. पण यापुढे एकट्याच्या जिभेवर काही बाहेर पडणार नाही. तुमच्या शेजारी दुसरं कुणीतरी चाखेल.”

“कोण?”

“जिचं नुकसान केलंत ती.”

वाचलेला कोळसा ‘काळी’ गाळण्यापुरता नव्हताच. जत्रेत थोडी नितळ आणि बाकी गडद अशा दोन्ही दारू गेल्या, आणि पाहुण्यांनी दोन्ही प्यायल्या. त्याचा कुणालाच विशेष अभिमान वाटला नाही. गावात मात्र म्हातारे शपथेच्या वेळी एवारिस्तोच्या पेल्याचे नाव घेईनासे झाले. कुणी मुद्दाम थांबवले नाही; ते आपोआप थांबले. एवारिस्तोने त्याची तक्रार केली नाही. त्याची इस्टेट गेली होती, आणि ती कुणी चोरलेली नव्हती.

मत्सर मात्र गेला नाही. गेला असे लिहिणे या मनुष्याशी अप्रामाणिकपणाचे होईल. तळघरात आता दोघे शेजारी उभे राहत आणि ओतिलियाची जीभ हळूहळू तयार होत गेली, हेही त्याला सलू लागले. “घसा किती वाजवता घोट घेताना,” तो म्हणे. “तुम्ही नाक किती वाजवता,” ती म्हणे. तिच्या कोळशाचे नाव खोऱ्याबाहेर गेले तेव्हा तो आठवडाभर घरात धड बोलला नाही, आणि सोकोरोने त्या आठवड्यात देवाचे आभार मानले. पण त्या दिवसापासून त्याने सांगितलेला प्रत्येक दोष खरा होता, आणि सांगितला नाही असा एकही दोष नव्हता. कोणत्या खेपेला जाळ अर्धी घटका अधिक लागला, कोणत्या चोथ्यात कोवळे कंद मिसळले गेले, हे तो घोटावरून सांगे. नितळ झालेली दारू कोळशातून केव्हा उपसायची, तो क्षण त्याच्याइतका कुणाला कळला नाही. ओतिलिया चमचा ढवळी आणि तो, हात पाठीशी बांधून, जणू तिच्यावर पाळत ठेवल्यासारखा उभा राही आणि म्हणे, “आता.”

एवारिस्तोच्या अखेरच्या आजारात ओतिलिया रोज त्याला कोंबडीचा रस्सा घेऊन जाई.

“मीठ जास्त आहे,” तो म्हणे.

“सोकोरोनं चाखलाय, तिला बरोबर वाटलं.”

“तिचं काय घेऊन बसलात? तिनं माझ्याबरोबर संसार केला.”

ज्या दिवशी त्याने रस्सा काही न बोलता पिऊन टाकला, त्या दिवशी ओतिलिया स्वयंपाकघरात जाऊन सोकोरोच्या गळ्यात पडली. दोघींना कळले होते.

एवारिस्तोला जाऊन आता बरीच वर्षे झाली. तळघर दुसरा मनुष्य सांभाळतो. तो भला आहे आणि बहुतेक पेले उपडे घालतो. ओतिलिया म्हातारी झाली आहे, परसात अजून चोथा वाळतो, आम्ल मुरते, धूर निघतो. तिच्या कोळशाची सगळे स्तुती करतात. कुंपणाशी बसून झाकणाची चीर दाखवणारे मात्र आता कुणी नाही.